लस घेतलेले डुक्कर ओळखायचे कसे?

गेल्या अंकात स्वाइन फिव्हरवर, म्हणजे डुकरांच्या विषाणूजन्य तापाच्या रोगावर लिहिताना ‘जनुकीय बदल करून तयार केलेल्या लशी’ हे शब्द एकदाच आले आणि पुढे मी दुसऱ्या विषयाकडे वळले. पण त्यावरच पत्रे आली. गाई-म्हशींवर लिहिले की ढिगाने प्रश्न येतात, डुकरांवर कोणी विचारत नाही, असा इतक्या वर्षांचा अनुभव. म्हणून या वेळी बाकीची पत्रे पुढच्या अंकाला ठेवली आहेत. पत्र लिहिणाऱ्यांची नावे त्यांच्याच इच्छेने दिलेली नाहीत.

आदरणीय डॉक्टरताई, माझ्याकडे ३० माद्या आहेत. स्वाइन फिव्हरची लस वेळेवर कधीच मिळत नाही. आता स्वस्तातली नवी लस निघाली आहे, पण ती ‘जीन बदलून’ केली आहे, असे मोबाइलवर फिरते आहे. अशी लस दिलेल्या डुकराचे मटण माणसाला बाधेल का? गिऱ्हाईक विचारते, काय सांगू?
*एक वराहपालक, जिल्हा सोलापूर*

आधी गैरसमज दूर करू. तुम्ही म्हणता ती लस म्हणजे बरेलीजवळच्या इज्जतनगरच्या भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेने २०२० साली जाहीर केलेली लस. तिच्यात कोणी जनुक कापलेले नाही. आपल्याच देशातला स्वाइन फिव्हरचा विषाणू घेतला, प्रयोगशाळेत पेशींवर पुन्हा पुन्हा वाढवला आणि तो डुकराला आजारी पाडेनासा होईपर्यंत हे चालू ठेवले. गोवरासारख्या जुन्या लशींचा मार्ग हाच, फक्त आता सशाच्या जागी काचेच्या बाटलीतल्या पेशी आल्या.

सशाचे सांगते, कारण ते काम मी या हातांनी केले आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षांत मी एका लसनिर्मिती प्रयोगशाळेत होते. इंग्लंडहून आलेला वेब्रिज वाणाचा विषाणू आम्ही सशाच्या कानाच्या शिरेतून टोचायचो. मग सकाळ-संध्याकाळ प्रत्येकाचा ताप घ्यायचा आणि पिंजऱ्यावरच्या कार्डावर पेन्सिलीने लिहायचा. तिसऱ्या दिवसाच्या आसपास ताप चढला की तो ससा ‘तयार’ झाला. त्याला मारून प्लीहा काढायची, वाटायची, गोठवून वाळवायची. बोटाएवढी ती गर्द लाल प्लीहा चिमट्यात धरली की मनात हिशेब सुरू व्हायचा, कारण एका सशातून जेमतेम ५० डोस निघत. देशाची गरज वर्षाला २ कोटी २० लाख डोसांची आणि तयार होत होते सुमारे १२ लाख. सगळी गरज सशांवर भागवायची तर वर्षाला ४ लाख ४० हजार ससे मारावे लागले असते. तुम्हाला लस मिळत नव्हती, याला तुमच्या तालुक्याच्या डॉक्टरांचा आळस कारण नव्हता. लस मुळात तेवढी तयारच होत नव्हती.

नवी लस जाहीर झाली तेव्हा तिचा खर्च डोसामागे २ रुपयांहून कमी सांगितला होता, सशाच्या लशीचा १५ ते २०. प्रतिकारशक्ती दोन वर्षे टिकते, असेही तेव्हा सांगितले. म्हणून जिल्हा पशुसंवर्धन कार्यालयात लेखी मागणी नोंदवा. तोंडी विचारले तर ‘आली की कळवतो’ एवढेच उत्तर मिळते.

मटणाचे म्हणाल, तर स्वाइन फिव्हरचा विषाणू, मग तो रोगाचा असो वा लशीचा, माणसाला होत नाही. लस टोचल्यावर किती दिवस कापायचे नाही ते बाटलीवर लिहिलेले असते, तेवढे पाळा आणि गिऱ्हाइकाला बिनधास्त सांगा.

मी बारावी सायन्सला आहे. विषाणूचे ‘जनुक कापतात’ म्हणजे नक्की काय करतात? इतक्या लहान गोष्टीला कात्री कशी लावतात? आणि कापून फायदा काय?
*एक विद्यार्थिनी, नाशिक*

तुझ्या प्रश्नासाठी मला सर्वांत आवडणारे उदाहरण देते. अशा प्रकारची सजीव लस जगात पहिल्यांदा विकायला परवानगी मिळाली ती डुकरांसाठी, माणसांसाठी नव्हे. साल १९८६, देश अमेरिका. रोगाचे नाव आउयेस्कीचा रोग, इंग्रजीत स्यूडोरेबीज. १९०२ साली हंगेरीच्या आलादार आउयेस्की यांनी तो ओळखला. पिसाळल्यासारखी लक्षणे दिसतात, पण रेबीज नव्हे. हा नागिणीच्या घराण्यातला विषाणू आहे. लहान पिल्ले थरथरतात, पडल्या पडल्या पाय मारतात आणि मरतात. मोठी डुकरे बरी होतात, पण विषाणू त्यांच्या मज्जातंतूंच्या गाठीत दडून बसतो आणि पुढे कधीतरी पुन्हा बाहेर पडतो.

ह्यूस्टनच्या बेलर कॉलेजमधले सॉल किट यांनी या विषाणूचे थायमिडीन कायनेज नावाचे विकर (एन्झाइम) बनवणारे जनुक निकामी केले. तेच का? डीएनए रचायला हे विकर लागते. वाढत्या, विभागणाऱ्या पेशीत ते आयते मिळते. मज्जातंतूंची पेशी विभागत नाही, त्यामुळे तिथे ते जवळपास नसतेच आणि विषाणूला स्वतःचे घेऊन जावे लागते. ते जनुक काढले की विषाणू नाकाघशात वाढतो, शरीराला शत्रूची ओळख करून देतो, पण मेंदूत गेला तरी तिथे धुमाकूळ घालू शकत नाही. दुसऱ्या गावात चोरी करायला निघालेल्या चोराची हत्यारांची पिशवीच घरी राहावी, तसे.

आता कात्री. ती म्हणजे जिवाणूंपासून मिळालेली विकरे. अक्षरांचा ठरावीक क्रम दिसला की ती नेमकी तिथेच डीएनए तोडतात. आधी विषाणूतून फक्त ते जनुक असलेला तुकडा वेगळा काढतात, मधला भाग कापून टोके जोडतात. मग हा तोकडा तुकडा आणि विषाणूचा पूर्ण डीएनए एकाच वेळी पेशींत सोडतात. पेशीच्या आत सारख्या दिसणाऱ्या दोन तुकड्यांची अदलाबदल होते. फार थोडे विषाणू आपले पूर्ण जनुक टाकून तोकडे उचलतात.

ते थोडे शोधायचे कसे, यातली युक्ती मला आजही सुंदर वाटते. पेशींवर एक औषध टाकतात. ते डीएनएच्या अक्षरासारखे दिसते, पण खोटे असते. ज्याच्याकडे थायमिडीन कायनेज शाबूत आहे तो विषाणू ते खोटे अक्षर उचलतो, आपल्या डीएनएत गुंफतो आणि बाद होतो. ज्याचे जनुक गेले त्याला ते उचलताच येत नाही, म्हणून तोच तरतो. बाटलीत उरतो तो आपल्याला हवा असलेला विषाणू. तुमच्या प्रयोगवहीत ‘निवड’ हा शब्द असेल, त्याचा अर्थ हा.

त्या वर्षी जानेवारीत परवाना मिळाला आणि एप्रिलमध्ये तो काही दिवस थांबवावाही लागला. जनुके बदललेला जिवंत विषाणू मोकळ्या शेतावर सोडताना पुरेशी चर्चा झाली नाही, अशी तक्रार झाली होती. ती तक्रार रास्त होती, असे माझे मत आहे. लस चांगली असणे आणि ती चांगली आहे हे सगळ्यांसमोर तपासले जाणे, या दोन्ही गोष्टी लागतात. परवाना त्याच महिन्यात पुन्हा मिळाला.

पण ‘फायदा काय’ याचे खरे उत्तर यापुढे आहे. याच विषाणूच्या वेष्टणावर जीई नावाचे एक प्रथिन असते. ते नसले तरी विषाणू वाढू शकतो, फक्त सौम्य होतो. हंगेरीतल्या बार्था नावाच्या जुन्या लशीत प्रयोगशाळेतल्या वाढीदरम्यान ते आपसूकच गळून गेले होते. नंतरच्या लशींत ते मुद्दाम काढले. आता बघ: असली लस घेतलेल्या डुकराच्या रक्तात विषाणूच्या इतर सगळ्या भागांविरुद्ध प्रतिपिंडे (अँटिबॉडी) सापडतील, पण जीईविरुद्ध नाही. खरा रोग होऊन गेलेल्या डुकराच्या रक्तात जीईविरुद्धही सापडतील. थेंबभर रक्तावरून कळते की याला लस दिली आहे की रोग झाला आहे. नेदरलँड्सच्या यान फान ओइरशॉट यांनी हा विचार पद्धतशीर मांडला. आपले वराहपालक पिल्लाच्या कानाला खाच पाडून खूण करतात ना, तशी ही रक्तातली खाच.

या खाचेच्या जोरावर अमेरिकेत १९८९ साली निर्मूलनाची मोहीम सुरू झाली. लस द्यायची, रक्त तपासायचे, जीईची प्रतिपिंडे सापडतील ती जनावरे काढायची. २००४ अखेर तिथले सगळे व्यापारी कळप या रोगातून मुक्त झाले. चीनमध्ये मात्र २०११ नंतर बार्था लस घेतलेल्या कळपांतही रोग फुटला, कारण तिथला विषाणू बदलला होता. एकदा लस झाली म्हणजे काम संपले, असे या क्षेत्रात होत नाही. तुला यायचे असेल तर भरपूर काम शिल्लक आहे.

स्वाइन फ्लू आणि स्वाइन फिव्हर एकच ना? सोसायटीत वाद झाला.
*एक गृहिणी, ठाणे*

नाही. स्वाइन फ्लू हा इन्फ्लुएन्झा, माणसाला होतो. स्वाइन फिव्हर दोन आहेत, क्लासिकल आणि आफ्रिकन. वर पहिल्या पत्रात आला तो क्लासिकल. दोन्ही विषाणूंचे एकमेकांशी नाते नाही, दोन्ही फक्त डुकरांना आणि रानडुकरांना होतात, आणि एकाची लस दुसऱ्यावर चालत नाही. हे शेवटचे वाक्य वराहपालकांनीही नीट वाचावे.

मॅडम, मी मूळचा लातूरचा, सध्या आसाममध्ये पशुवैद्यक म्हणून काम करतो. स्यूडोरेबीजसारखी ‘खूण असलेली’ लस क्लासिकल स्वाइन फिव्हरवर युरोपात आहे. मग आपण अजून साध्याच लशी का देतो आहोत?

तुमच्या पत्राने मला एक जुना दिवस आठवला. प्रयोगशाळेतून मी तालुक्याच्या दवाखान्यात आले त्यानंतरची गोष्ट. नदीकाठच्या एका वस्तीत मी लसीकरणाला गेले. थर्मासमध्ये बर्फ, त्यावर वाळलेल्या लशीच्या काचेच्या कुप्या, उकळून आणलेल्या सुया. साठेक डुकरांना टोचले. सहाव्या दिवशी निरोप आला की मरतूक सुरू झाली. गेले तर कानांवर आणि पोटाखाली जांभळे चट्टे पडलेली डुकरे एकावर एक चढून पडली होती, ताप अंगात मावत नव्हता. त्या घरच्या आजीने मला शिवी दिली नाही, हात धरून बाजूला नेले आणि विचारले, “बाई, खरं सांगा, लशीनं मेली का रोगानं?”

मला ठाऊक नव्हते. टोचायच्या आधीच रोग अंगात मुरत असेल, कुपीत काही दोष असेल, दोन्ही शक्य होते. नमुने पाठवले. दीड महिन्याने उत्तर आले: स्वाइन फिव्हरचा विषाणू आढळला. लशीचा की रोगाचा, हे त्यात नव्हते, आणि तेव्हाच्या तपासणीने ते कळण्यासारखेही नव्हते. पुढची चार वर्षे त्या वस्तीत कोणी सुई लावू दिली नाही. मला दोष द्यायला ते मोकळे होते, आणि मला त्यांना सांगायला काहीच नव्हते. जनुकीय लशींबद्दल मी इतक्या पोटतिडकीने बोलते त्याचे मूळ त्या आजीच्या प्रश्नात आहे. लस अधिक जोरकस व्हावी, एवढ्यासाठी मला जनुकशास्त्र नको. लस आणि रोग यांतला फरक दाखवता यावा, यासाठी हवे.

युरोपात हा फरक पैशांत मोजला गेला. १९९७-९८ मध्ये नेदरलँड्समध्ये क्लासिकल स्वाइन फिव्हर ४२९ कळपांत शिरला आणि साथ आवरेपर्यंत एक कोटीच्या आसपास डुकरे मारावी लागली. त्यातली बहुतेक निरोगी होती. हलवायला बंदी असल्याने जागा उरली नाही म्हणून मारलेलीही त्यांत आली. चांगली लस हाताशी होती, पण ती दिली असती तर लशीच्या आणि रोगाच्या डुकरांत फरक करता आला नसता आणि निर्यात बंद पडली असती.

त्यानंतर जर्मनीच्या फ्रीडरिख लोफलर संस्थेच्या शास्त्रज्ञांनी जी लस केली ती तुम्हाला माहीत आहे, इतर वाचकांसाठी सांगते. गुरांना हगवण लावणारा, स्वाइन फिव्हरचा चुलतभाऊ असलेला एक विषाणू घेतला. त्याच्या अंगावरचे ई-२ प्रथिन काढून तिथे स्वाइन फिव्हरचे ई-२ बसवले. धड गुरांच्या विषाणूचे, अंगरखा डुकरांच्या विषाणूचा. डुक्कर तो अंगरखा ओळखायला शिकते आणि खऱ्या रोगापासून वाचते. पण स्वाइन फिव्हरची बाकीची प्रथिने त्याने पाहिलेलीच नसतात, त्यामुळे दुसऱ्या एका प्रथिनाच्या प्रतिपिंडांवरून फरक कळतो. युरोपात तिला २०१५ मध्ये मंजुरी मिळाली. सात आठवड्यांवरच्या डुकराला एक टोचणी, १४ दिवसांत संरक्षण.

त्याआधीच्या लशीत तर विषाणू नव्हताच, नुसते ई-२ प्रथिन होते, तेही किड्याच्या पेशींत बनवलेले. या कामाला वापरतात त्यांतल्या सर्वांत नावाजलेल्या पेशी कोणाच्या, ठाऊक आहे? आपल्या मक्याची २०१८ नंतर दाणादाण उडवणाऱ्या अमेरिकन लष्करी अळीच्या. डुकरांच्या सर्कोव्हायरसवरच्या लशीही याच तंत्राने निघाल्या. विषाणूचे कवच बनवणारे एकच जनुक किड्याच्या पेशीत घालायचे, कवचे आपोआप जुळतात, आत पोकळ. २००६ पासून त्या लशींनी जगभरचे कळप सावरले. शेतकरी ज्या अळीला शिव्या देतो तिच्या पेशी दुसऱ्या शेतकऱ्याची पिल्ले वाचवतात, हे मला फार विलक्षण वाटते.

तर, आपण का देत नाही? माझे स्पष्ट मत असे की खूण असलेली लस तेव्हाच उपयोगी, जेव्हा खूण वाचणारा कोणी असतो. डुकरांची नोंद, कानात बिल्ला, नियमित रक्ततपासणी, सापडलेले जनावर काढले तर मालकाला हातात पैसे, हे सगळे नसेल तर महाग लस आणि साधी लस यांत मालकाला फरक पडत नाही. २०१९ च्या गणनेत देशात ९० लाख ६० हजार डुकरे होती, सर्वांत जास्त तुमच्या आसाममध्ये, आणि बरीचशी परसातली, दोन-चारच्या संख्येने. आज पहिली गरज प्रत्येकापर्यंत साधी, स्वस्त, थंड राहिलेली लस पोहोचण्याची आहे. पण रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळा आतापासून उभारल्या पाहिजेत. तुमच्यासारख्यांनी नोंदी नीट ठेवल्या तर पुढच्या पिढीतल्या पशुवैद्यकाला त्या आजीला उत्तर देता येईल.

डॉक्टर, आमच्या बाजूला डुकरे मरायला लागल्याच्या बातम्या आहेत, आफ्रिकन स्वाइन फिव्हर म्हणतात. माझ्याकडे १० माद्या, दोन नर आणि पिल्ले आहेत. एक एजंट व्हिएतनामची लस आणून देतो म्हणाला. जीन काढलेली, एकदम नवी. पैसे आगाऊ मागतो. घेऊ का?
*एक वराहपालक, सावंतवाडीजवळचे गाव*

घेऊ नका. कारणे सांगते, कारण नुसते ‘नको’ म्हटले तर तो एजंट माझ्यापेक्षा जास्त गोड बोलेल.

हा विषाणू वेगळ्याच जातीचा आहे. सर्कोव्हायरसचा सगळा जनुकीय मजकूर १,७०० च्या वर थोडी अक्षरे, याचा १ लाख ७० हजारांहून अधिक. दीडशेहून जास्त जनुके, आणि त्यांतली कितीतरी डुकराच्या प्रतिकारशक्तीला चकवण्यासाठी. मारलेल्या विषाणूची लस यावर चालत नाही. १९६० च्या दशकात पोर्तुगालमध्ये सौम्य केलेला जिवंत विषाणू टोचून पाहिला, तर हजारो डुकरांना जुनाट रोग जडला. म्हणून शास्त्रज्ञ जनुके काढण्याकडे वळले. अमेरिकेच्या प्लम आयलंडवरच्या प्रयोगशाळेत, २००७ साली जॉर्जियात सापडलेल्या विषाणूतून आय-१७७-एल नावाचे एकच जनुक काढले आणि तो विषाणू डुकराला मारेनासा झाला. उलट रोगापासून वाचवू लागला. व्हिएतनामने त्यावरून केलेल्या लशीला जून २०२२ मध्ये मंजुरी दिली. जगात पहिलीच.

आणि ऑगस्टमध्ये ती थांबवावी लागली. फू येन आणि शेजारच्या प्रांतांत शेकडो डुकरे मेली. मंजुरी होती ८ ते १० आठवड्यांच्या, मटणासाठी वाढवायच्या निरोगी पिल्लांपुरती. लोकांनी दुसऱ्याच वयाच्या जनावरांना, माद्यांनाही टोचली, काही ठिकाणी पशुवैद्यक नसताना. तुमच्याकडे काय आहे? १० माद्या. एजंट सर्वांत आधी त्यांनाच टोचायला सांगेल, कारण तुमचा पैसा त्यांच्यात अडकलेला आहे. जुलै २०२३ मध्ये व्हिएतनामने ही आणि अनेक जनुके काढलेली दुसरी अशा दोन्ही लशी देशभर खुल्या केल्या, ते खरे. पण पशुवैद्यकांच्या देखरेखीखाली. नंतरच्या प्रयोगात एक जनुक काढलेला विषाणू एका डुकरातून दुसऱ्यात असा नेत गेल्यावर पुन्हा रोगकारक झाल्याचेही दिसले आहे. आणि ज्या खुणेबद्दल वर इतके लिहिले, ती खात्रीने वाचता येईल अशी या लशींत नाही. तुमच्या डुकरांत उद्या काही निघाले तर ते लशीचे की रोगाचे हे कोणी सांगू शकणार नाही, आणि आजूबाजूचे सगळे कळप तुमच्यामुळे अडचणीत येतील. आपल्या देशात या रोगाच्या लशीला, मी हे लिहिते आहे तोवर, मंजुरी नाही. एजंटाची कुपी खरी आहे की खाऱ्या पाण्याची, ती विमानातून बर्फात आली की उन्हात, हेही तुम्हाला कळायचा मार्ग नाही.

मग करायचे काय? हॉटेलचे खरकटे घालता ना? शक्यतो बंदच करा. नाहीच जमले तर मोठ्या भांड्यात ढवळत राहून तासभर खळखळ उकळा, नुसते कोमट करून चालत नाही. डुकराच्या मांसाच्या तुकड्यात हा विषाणू महिनोन्महिने टिकतो. गोठ्याच्या दाराशी वेगळ्या चपला ठेवा. खाटीक किंवा व्यापारी आत येणार नाही, डुक्कर बाहेर आणून द्या. दुसऱ्याचा नर भरवायला आणू नका, तुमचा देऊ नका. रानडुकरे येत असतील तर दुहेरी कुंपण. नवीन जनावर आणायचे महिनाभर टाळा, आणलेच तर वेगळे बांधा. यातले काहीच नवे नाही, हे मला माहीत आहे, पण सध्या तुमच्या हातात असलेली लस हीच आहे.

एक डुक्कर जरी तापाने बसले, खायचे थांबले, कान जांभळे दिसले, तर त्याच दिवशी तालुक्याच्या पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना कळवा. रोग नक्की झाला तर एक किलोमीटरच्या परिघातली डुकरे मारतात, म्हणून लोक लपवतात, रात्रीतून विकतात. तुमची भीती मी समजू शकते. पण सरकारी नियमानुसार मारलेल्या डुकरांची भरपाई मिळते, आपोआप मेलेल्यांची मिळत नाही. आजच वहीत सगळ्या जनावरांची वये आणि अंदाजे वजने लिहून ठेवा आणि मोबाइलवर तारखेसह फोटो काढा. पंचनाम्याच्या वेळी तोच पुरावा.

आणि त्या एजंटाने नमुना म्हणून एखादी कुपी तुमच्याकडे आधीच ठेवली असेल, तर ती टोचू नका आणि शेणखतातही फेकू नका. प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत बांधून, बर्फ घातलेल्या डब्यात ठेवून पशुसंवर्धन कार्यालयात नेऊन द्या. डबा द्यायला जाताना डुकरांपाशी घातलेले कपडे बदलून जा.